खाड्याचा हिशोब

१. लष्कराच्या भाकरी

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजात पालक-मेळावा घ्या. हजेरी, परीक्षा-फी, एसटीचा पास हे सगळं बोलून झालं की मागच्या रांगेतून कुणीतरी उठतं. "सर, आमचं पोरगं दर रविवारी कुठल्या तरी संस्थेत जातंय. दुसऱ्याच्या लेकरांना शिकवतंय म्हणे. घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजायच्या, तर ह्याच्या स्वतःच्या अभ्यासाचं काय?"

या प्रश्नावर समाजसेवेचं भाषण ठोकणं हा पळपुटेपणा झाला. त्या बापाचा सेवेला विरोध नाही. त्यानं हिशोब विचारलाय, तेव्हा आपणही हिशोबच देऊ.

त्याआधी एक शब्द नीट लावून घेऊ. संस्थेच्या फॉर्मवर या मुलाला 'मेंटॉर' म्हणतात. गावात हा शब्द कुणी वापरत नाही. तिथे तो दादा असतो, नाहीतर ताई. दादा-ताईचं काम शिकवणीपेक्षा वेगळं आहे. वारीला पहिल्यांदा निघालेल्या माणसाला पायाला फोड आल्यावर काय करायचं हे कोण सांगतं? प्रवचनकार बुवा नाही. दोन वर्षांपूर्वी स्वतः पहिल्यांदा चाललेला शेजारचा माणूस सांगतो, कारण त्याला तो फोड अजून आठवतो. एकोणीस-वीस वर्षांचा विद्यार्थी आणि आठवी-नववीतलं मूल यांच्यातलं अंतरही असंच थोडं असतं. दादाचं भांडवल तेच.

सोयीसाठी आपण एक विद्यार्थी मनात धरू. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, बीडमध्ये खोली करून राहतो, आईवडील ऊसतोडीला जातात. दर रविवारी सकाळच्या एसटीने पंधरा-वीस किलोमीटरवरच्या एका गावात जातो आणि दुपारी परततो. हा विद्यार्थी कल्पनेतला आहे, पण त्याच्या खिशातलं तिकीट काल्पनिक नाही.

२. आधी मुलाचं कॅलेंडर

कॉलेजचं वर्ष जून-जुलैत उघडतं. या मुलाचं वर्ष दसऱ्याला फाटतं. दसरा-दिवाळीच्या आसपास ट्रक-ट्रॅक्टर गावात येतात, संसार वर चढतो आणि मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत. तोवर मार्च उलटलेला असतो, कधी एप्रिलही.

पुढच्या सगळ्या हिशोबाला चार शब्द लागतील. 'कोयता' म्हणजे इथे हत्यार नव्हे; नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. 'मुकादम' माणसं जमवतो. 'उचल' ही हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, जी ऊस तोडून फेडायची. आणि 'खाडा' म्हणजे कामावर न गेलेला दिवस. त्याची मजुरी जाते ती जातेच, वर दंड लागतो आणि तो उचलीत मिळवला जातो. खाडा दोनदा कापतो. हे वाक्य लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

मुलाचं काय होतं? एक तर ते बरोबर जातं. उसाच्या फडावर धाकट्याला सांभाळतं, उसाचे वाढे गोळा करतं, आणि शाळेच्या हजेरीपटावर नुसतं नाव उरतं. किंवा ते गावात आजीपाशी राहतं. अशा मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहं आहेत. नाव वसतिगृह असलं तरी बऱ्याच गावांत मूल शाळेत दोन वेळ जेवतं आणि झोपायला आजीकडेच जातं. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही जाहीर झाली: ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येक तालुक्यात मुलांचं एक आणि मुलींचं एक.

जेवणाची सोय योजना करू शकते. संध्याकाळी सहा वाजता "आज वर्गात काय झालं?" असं विचारणारं माणूस योजनेत बसवता येत नाही. ही जागा रिकामी असते आणि आपला विद्यार्थी रविवारी तिथे जाऊन बसतो. जेमतेम तीन तास.

३. चतकोर मोठी की तिसरा हिस्सा?

पहिल्या रविवारी काय होतं? सातवीतली मुलगी ठामपणे सांगते की एक-चतुर्थांश हा एक-तृतीयांशाहून मोठा, कारण चार हे तीनपेक्षा मोठे. बी.एस्सी.वाला हसतो. "अगं, छेद मोठा झाला की अपूर्णांक लहान होतो."

"का?"

इथे तो थांबतो. नियम त्याला सहावीपासून पाठ आहे. 'का' हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. एसटीत बसून डोकं खाजवत तो परत जातो आणि पुढच्या रविवारी भाकरी घेऊन येतो. एक भाकरी चौघांत वाटली तर चतकोर मिळते. तीच तिघांत वाटली तर? खाणारी तोंडं कमी, वाटा मोठा. मुलीच्या लगेच लक्षात येतं. खरं शिक्षण मात्र त्या आठवड्यात त्याचं झालं.

यामागचं तत्त्व साधं आहे. स्वतःसाठी शिकताना माणूस 'समजलंय' या भावनेवर थांबतो. दुसऱ्याला सांगायचं म्हटलं की ती भावना पुरत नाही, भोकं दिसायला लागतात. अमेरिकेत संशोधकांनी याची एक गमतीदार चाचणी घेतली. त्यांनी संगणकात बेट्टी नावाची एक चित्रातली विद्यार्थिनी तयार केली आणि आठवीच्या मुलांना सांगितलं, हिला विज्ञान शिकवा. दुसऱ्या गटाला सांगितलं, तुम्ही स्वतःसाठी शिका. पहिल्या गटातल्या मुलांनी अभ्यासाला जास्त वेळ दिला. म्हणजे मुलं स्वतःसाठी जेवढं राबली नाहीत तेवढं एका चित्रासाठी राबली. २००९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बेट्टीला भूक लागत नाही, ती रुसत नाही, आणि "दादा, मागच्या वेळी तू वेगळं सांगितलं होतंस" असंही म्हणत नाही. खऱ्या मुलीसाठी माणूस किती राबेल, याचा अंदाज बांधा.

ही युक्ती नवी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल हा स्कॉटिश माणूस मद्रासच्या एका अनाथाश्रमाची शाळा पाहत होता. आपल्याकडच्या गावठी शाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना त्याला दिसली. त्याने मोठ्या मुलांकडून धाकट्यांना शिकवायची पद्धत बसवली आणि ती पुढे इंग्लंडात 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. आपल्याकडे पाहून उचललेली गोष्ट तिकडचं लेबल लावून परत आली की आपण तिला 'पीअर लर्निंग' म्हणून टाळ्या वाजवतो. असो.

४. उचलीचं गणित

आता एक उदाहरण कागदावर सोडवू. आकडे सोयीसाठी गोल धरले आहेत. खरा दर कराराप्रमाणे बदलतो, उचल माणसागणिक.

समजा एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली. टनाला ३५० रुपये मजुरी, दिवसाला दोन टन तोड. म्हणजे दिवसाला ७०० रुपये. हंगामात कामाचे १२० दिवस. १२० गुणिले ७०० म्हणजे ८४,०००. उचल लाखाची, फिटली ८४ हजारांची. १६ हजार बाकी, ती पुढच्या वर्षाच्या डोक्यावर.

आता यात दहा दिवस आजारपण घाला. कामाचे दिवस उरले ११०, मजुरी झाली ७७,०००. दहा खाड्यांचा दंड दिवसाला ५०० धरला तर ५,००० वजा. उरले ७२,०००. बाकी १६ हजारांवरून २८ हजारांवर गेली. दहा दिवसांच्या तापाने बारा हजार खाल्ले. यात आठवड्याची खर्ची, म्हणजे घरखर्चाला घेतलेले पैसे, धरलेलीच नाही. तीही उचलीवरच चढते.

हे गणित पुस्तकात नाही. नववीतल्या मुलाने वहीच्या मागच्या पानावर अर्धंमुर्धं मांडलेलं असतं, कारण आई-बाप कधी येणार आणि पुढच्या वर्षीही जाणार का, याचं उत्तर त्यात दडलेलं असतं. आपला विद्यार्थी ते पान पाहतो. उचल, खर्ची, खाडा हे सगळे शब्द त्याच्या घरातलेच, पण कॉलेजात त्याने ते कधी उच्चारलेले नाहीत. वडील काय करतात, असं विचारल्यावर तो "शेती" म्हणतो. शेती आहेही, दीड एकर कोरडवाहू.

त्या रविवारी तो पहिल्यांदा म्हणतो, "आमच्यात पण असंच. माझ्या आईचे त्या वर्षी वीस खाडे पडले होते." मूल मान वर करून बघतं. त्यानंतर अपूर्णांक, शेकडेवारी, सरळव्याज भराभर जातं.

१९६५ साली फ्रँक रीसमन या अमेरिकी अभ्यासकाने एक निरीक्षण नोंदवलं होतं: एखाद्या अडचणीतून गेलेला माणूस त्याच अडचणीतल्या दुसऱ्याला हात देतो, तेव्हा घेणाऱ्याइतकाच, कित्येकदा जास्तच, फायदा देणाऱ्याचा होतो. व्यसनमुक्तीच्या गटांत हे रोज दिसतं. बीडमध्ये याचा अर्थ असा की जी गोष्ट मुलगा कॉलेजात झाकत होता, तीच इथे त्याची सगळ्यात कामाची विद्या ठरते. शहरातून येणाऱ्या हुशार स्वयंसेवकाकडे ती नसते. त्याला 'कोप' म्हणजे काय हे विचारावं लागतं. या मुलाचे सहा हिवाळे उसाच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, गेलेले असतात. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात याला 'आत्मविश्वास' म्हणून दोन तासांत शिकवतात. तसा तो येत नसतो.

५. दादाचा खाडा

आतापर्यंत सगळं गोड होतं. आता दुसरी बाजू.

दसऱ्यानंतरचे पहिले दोन महिने मूल सर्वांत एकटं असतं. नेमक्या त्याच काळात कॉलेजात सेमिस्टरची परीक्षा येते, मग दिवाळीची सुट्टी, मग कुणाचं तरी लग्न. दादा एक रविवार जात नाही. मग दुसरा. फोन करावा तर तो आजीकडे साधाच आहे, आणि आजीला ऐकू कमी येतं. तिसऱ्या रविवारी तो जातो तेव्हा मूल म्हणतं, "बरं." एवढंच. गेल्याच महिन्यात आईबाप ट्रकमध्ये बसून गेले, ते या मुलाने पाहिलंय. जाणाऱ्या माणसांची त्याला सवय आहे. दादा त्या यादीत जाऊन बसला.

अमेरिकेत 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' ही चळवळ १९०४ पासून मुलांना मोठ्या सोबत्यांशी जोडून देते. तिच्यातल्या अकराशेहून अधिक शहरी मुलांच्या नोंदी जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोन अभ्यासकांनी तपासल्या; निष्कर्ष २००२ साली आले. ज्यांचा सोबती वर्षभर किंवा जास्त टिकला, त्या मुलांना सर्वाधिक लाभ झाला. आणि ज्यांची जोडी तीन महिन्यांच्या आत तुटली? ती मुलं होती तिथेही राहिली नाहीत. स्वतःविषयीचं आणि स्वतःच्या अभ्यासाविषयीचं त्यांचं मत खाली घसरलं. थोडक्यात, अर्ध्यात सोडण्यापेक्षा न गेलेलं परवडलं असतं.

खाडा दोनदा कापतो, तो असा. त्या दिवसाचा पाठ गेला ही मजुरी गेली. आणि विश्वास घटला तो दंड, जो बाकीत चढतो. तो फेडायला एक रविवार पुरत नाही, तीन-चार लागतात.

माझ्या मते या कामाने विद्यार्थ्यात जो खरा बदल होतो तो इथे होतो. शिकवण्याने बुद्धीला धार येते, ठीक. पण आपल्या न जाण्याची किंमत दुसरं कुणी मोजतंय, हे एकोणिसाव्या वर्षी कळणं वेगळं. कॉलेजात तास बुडवला तर नुकसान स्वतःचं, आणि हजेरीची कमतरता अर्ज देऊन भरूनही निघते. इथे अर्ज चालत नाही. म्हणून समजूतदार संस्था पहिल्या दिवशी फार काही मागत नाहीत, फक्त वार ठरवायला लावतात. दोन तासच ये, पण ठरलेल्या वारी ये. रोज येईन म्हणणाऱ्या उत्साही मुलाला त्या थोडं लांबच ठेवतात आणि "मला महिन्यातून दोनच रविवार जमतील" म्हणणाऱ्याला लगेच घेतात. नव्यांना हे उलटं वाटतं.

६. सात दिवसांच्या छावणीचं काय?

मग राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर वाया जातं का, असं कुणी विचारेल. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा ढाचा. अनेक शिबिरांत काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: मागच्या वर्षीच्याच खड्ड्यात यंदाचं रोप. गावातल्या मुलाच्या आयुष्यात त्या सात दिवसांनी फारसं काही घडत नाही. पण जाणाऱ्याच्या आयुष्यात ठिणगी पडू शकते, हेही खरं.

बाबा आमटे यांनी १९६७ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या उन्हात तरुण मुलं तिथे हातात कुदळ घेतात. बीड जिल्ह्यातले दीपक नागरगोजे तरुणपणी बाबांच्या या कामाने भारले गेले, आणि २००० च्या सुमारास पत्नी कावेरी यांच्यासह शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी इथे त्यांनी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 'शांतिवन' उभं केलं. गेवराईचे संतोष गर्जे स्वतः ऊसतोड कुटुंबातले. २००४ साली, विशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी निराधार मुलांसाठी 'सहारा' सुरू केलं. ज्या वयात आपण मुलांना "आधी स्वतःच्या पायावर उभा राहा" म्हणतो, त्याच वयातली ही माणसं.

पण ही नावं सांगून विद्यार्थ्यांना दडपून टाकू नये. शंभरातले नव्याण्णव बँकेत, शाळेत, पोलिसात, दुकानात जातील आणि तेच बरोबर आहे. त्यातला एखादा पुढे तलाठी झाला आणि ऊसतोड मजुराला दाखला देताना त्याने "उद्या या" म्हटलं नाही, तरी रविवार वसूल.

७. जे आपल्या हातचं नाही

एका रविवारी नववीतली मुलगी ताईला हळूच सांगते, "दिवाळीनंतर माझं लग्न आहे. कुणाला सांगू नको." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली, राज्याचं प्रमाण बावीस टक्क्यांच्या आसपास होतं. तेव्हा असा रविवार येणारच, असं धरून चालावं. यातलं कारणही नीट समजून घ्यावं. आईबाप सहा महिने फडावर, मुलगी गावात एकटी, या धास्तीत कितीतरी लग्नं उरकली जातात. शिवाय लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो.

ताई काय करते? पहिल्या झटक्यात तिला त्या घरी जाऊन बापाशी भांडावंसं वाटतं. तसं करू नये. घरचा सगळा राग मुलीवरच निघतो आणि ताईचं गावात येणं बंद होतं. गुपित ठेवण्याचं वचनही देऊ नये. "मी एकटी हे सोडवू शकत नाही, पण ज्यांचं काम आहे त्यांना सांगते, तुझं नाव फुटू देणार नाही," एवढं खरं बोलावं. मग संस्थेतल्या मोठ्या माणसाला सांगावं. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. खेड्यात बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी ग्रामसेवकाची असते. कित्येक गावांना हे माहीत नसतं, काही ग्रामसेवकांना आठवण करून द्यावी लागते.

लग्न थांबेल किंवा पुढच्या महिन्यात नातेवाइकांच्या गावी गुपचूप होईल. दोन्ही घडतं. ताईला दोन्ही गिळायला शिकावं लागतं. आणि ही ताईही कुणाच्या तरी घरची मुलगीच असते. तिच्यासाठीही स्थळं येत असतात, शेवटची एसटी चुकली तर तिलाही घरी उत्तर द्यावं लागतं. नववीतल्या मुलीच्या बाजूने काय बोलायचं याची जुळवाजुळव करता करता तिला स्वतःच्या घरात बोलायची वाक्यं सापडतात, असंही मी पाहिलंय.

८. मग मार्कांचं काय?

मागच्या रांगेतले बाबा अजून उभेच आहेत. त्यांना सरळ आकडे देऊ. रविवारचे तीन तास आणि जाण्या-येण्याचे दोन, म्हणजे आठवड्याचे पाच. आठवड्यात १६८ तास असतात. मोबाईलवर पोराचे रोज किती जातात, ते त्यालाच लिहून काढायला सांगा. पाच तास कुठून आणायचे हे त्याचं त्यालाच दिसेल.

मार्क वाढतील अशी हमी मी देणार नाही. ज्या विषयाचा पाया तो शिकवतो त्यात थोडे वाढतील, बाकीच्यांत नाही. पाचऐवजी पंधरा तास जायला लागले, संस्था त्याच्याकडून फोटो आणि अहवालच जास्त करून घेत असली, किंवा तो स्वतःच्या अभ्यासाला पाठ दाखवायला तिकडे जात असला, तर जरूर थांबवा. तिसरं कारण सर्वांत जास्त आढळतं आणि ते ओळखणं अवघड, कारण वरून ते फार थोर दिसतं.

आणि परीक्षेच्या महिन्यात? उन्हाळ्याच्या तोंडावर पट्टा पडतो, ट्रक परत येतात, मूल आईच्या मागे-मागे फिरत असतं. त्याच सुमाराला दादाची परीक्षा लागते. खाडे पडणारच. फरक एवढाच की आता ते आधी सांगून पडतात. त्या सातवीतल्या मुलीच्या वहीत, भाकरीच्या चित्राच्या मागच्या पानावर, दोन रविवारांच्या तारखा लिहिलेल्या आहेत. त्यांच्यासमोर तिच्या अक्षरात एकच शब्द: 'पेपर'. खाली तिसरी तारीख, आणि तिच्याभोवती चौकोन.